हस्तांतर

तेजराम, ओलं फडकं लावू नको.
कोरडं घे, जुन्या धोतराचं,
आणि वरून खाली, न दाबता,
तापातल्या पोराचं तोंड पुसतात तसं.

चार्ज-लिस्टवर लिहिलंय : तैलचित्रे, नग अकरा.
सही केली मी.
अकराही वत्सला रामटेकेबाईंच्या हातची,
हे रजिस्टरात सापडायचं नाही.
चित्रावर सही ती खाली डावीकडे करायची,
फ्रेमवाला ती अर्धी झाकून टाकायचा.

इंदोऱ्याची. बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा.
ही आधी ट्रकच्या पाठी,
मग सीताबर्डीला बांबूवर चढून
सिनेमातल्या हिरोचा गुडघा. नुसता गुडघा.
चेहरा मोठे पेंटर करत.
मग मेलेली माणसं :
रेशनकार्डावरच्या नखाएवढ्या फोटोवरून
तेराव्याच्या आत हवा असलेला सासरा,
आणि म्हातारी सून सांगतेय,
"जरा हसरे करा हो, तसे कधी हसले नाहीत."
मग आमची बँक.

अध्यक्षांना बसायला वेळ कुठला?
एक फोटो यायचा, मानेपर्यंतचा.
तेव्हा बाई दारातून हाक मारायची :
"निखारे, कोट घाल. बस."

मे महिना, गांधीबाग, कूलरमध्ये पाणी नाही.
बापूसाहेब देशकरांचा लोकरी कोट अंगावर,
मांडीवर त्यांची काठी,
आणि मी पाच पाच दिवस अध्यक्ष.
सगळ्या खोलीला जवसाच्या तेलाचा वास.
आमच्या घरी त्याची चटणी व्हायची,
मला बसल्या बसल्या भूक लागायची.
"हलू नको बाप्पा," ती म्हणायची,
"हात चांगला बोलतोय तुझा."

हा उजवा अंगठा बघ.
तेराव्या वर्षी मागाच्या धोट्यानं फोडलेला,
नख तेव्हापासून दुभंगलेलं.
आता चौथ्या नगाकडे ये. बापूसाहेब.
काठीवरचा अंगठा बघ.

अनावरणाच्या आदल्या दिवशी कमिटी आली.
चेहरा हुबेहूब, म्हणाले. वा, म्हणाले.
मग उपाध्यक्ष जवळ गेले, चष्मा वर केला :
"हात जरा काळे नाही वाटत?"
कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.
मी चहाचा ट्रे धरून उभा होतो,
पुरावा दोन्ही हातांत.

बाई काही बोलली नाही.
पांढरा घेतला, किंचित गेरू,
आणि माझ्या हातांवरून
एकच पातळ थर फिरवला, साईसारखा.
नख तसंच ठेवलं.
ब्रश धुताना मला म्हणाली,
"रंगाला घाई नसते, निखारे."
मी समजलो, वाळायचं म्हणतेय.

बत्तीस उन्हाळे गेले.
छेचाळीस, सत्तेचाळीस, पत्र्याचं छत,
त्यात हा पश्चिमेचा झरोका.
तीन वर्षांपूर्वी एकदा दिवाळीची साफसफाई चालली होती,
स्टुलावर उभा होतो,
आणि बापूसाहेबांच्या बोटांच्या पेरांवर
काहीतरी वर येताना दिसलं.
धूळ समजून पुसलं. गेलं नाही.
पुढच्या वर्षी मनगटापर्यंत.
पांढरा रंग म्हातारा झाला की पारदर्शक होतो म्हणे,
आर्ट कॉलेजच्या एका पोरानं सांगितलं.
खालचं दिसू लागतं.

बाईला हे माहीत होतं का?
विचारायला गेलो इंदोऱ्याला.
तिला आता माणसं ओळखू येत नाहीत.
माझा हात मात्र हातात घेतला,
उलटा केला, खिडकीकडे नेला,
बराच वेळ धरला,
अंगठ्यापाशी थांबली,
आणि सुनेला म्हणाली,
"याला चहा दे. अजून ओला आहे."

बस, एवढंच.
नवे मॅनेजर म्हणतात, चित्रांना भेगा पडल्यात,
मुंबईहून माणूस आणू, धुवून-पुसून नवी करू.
तो आला की तू इथेच थांब.
चौथ्या नगापाशी.
त्याला म्हणावं, चेहऱ्याचं काय करायचं ते कर.

किल्ल्या या. मोठी तिजोरीखान्याची नाही, हॉलची.
डावीकडे दोनदा फिरव.
दार थोडं उचलून लावावं लागतं.